नाल्यावरचा आणि इंद्री

फेब्रुवारी लागला की पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसच्या खिडक्या कुणी न सांगता उघडतात. दोन्ही बाजूंच्या बागांमध्ये संत्र्याला आंबिया बहार आलेला असतो. एरवी सीटवरून भांडणारी माणसं त्या वासानं जरा वेळ गप्प बसतात. यंदा मोहगावला निघालेली मी खिडकीशी होते आणि शेजारी माझ्या भावाची मुलगी प्रज्ञा. ती शाळेत शिकवते, मनानं हळवी आहे आणि फोन हातातून ठेवत नाही.

तिनं एक व्हिडिओ लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. दूरच्या बेटावरचं जंगल, धुकं, आणि झाडाच्या खोडाला बिलगलेला काळा-पांढरा प्राणी. तोंड वर करून तो ओरडला, लांबच लांब. मग त्याच्या घरातली बाकीची त्याच्यात सामील झाली. खाली लिहिलं होतं की हा इंद्री नावाचा लेमूर पाखरासारखा गातो आणि आता फार थोडे उरले आहेत. प्रज्ञाचे डोळे भरले होते.

"किती गोड आहे ना आत्या. आणि आता संपत आले म्हणे."

"संपत आले म्हणून गोड लागतात का तुला?" मी म्हणाले. "पोत्यानं असते तर?"

बसमधल्या दोन बायांनी मान वळवली. प्रज्ञा गोरीमोरी झाली, तिनं फोन पर्समध्ये टाकला. तिचा काय दोष होता? काही नाही. पण त्या वासात तो आवाज आणि तो प्राणी एकत्र आले की माझं डोकं फिरतं, चाळीस वर्षं होऊन गेली तरी फिरतं. राग जुना झाला म्हणजे निवतो असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याकडं यावं.

चौऱ्यांशी-पंच्याऐंशीचा तो हिवाळा. मी आणि माझी मैत्रीण सिंधू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. आमचे प्राणिशास्त्राचे सर आता हयात नाहीत, आणि त्यांचं नमुन्यांचं कपाट बहुतेक अजून आहे. माझं घर बोरगावात, एका खोलीचं. वडील नगरपालिकेत नळावर होते, आई संत्र्याच्या तोडणीला जायची. घरात अभ्यासाला जागा नसायची, म्हणून मी मोहगावच्या पुढं सिंधूच्या काकूच्या बागेत जायची. सिंधूचे वडील मास्तर, गावोगाव बदलीवर. ती कमलकाकूपाशीच वाढली. काका गेल्यापासून बाग काकूच पाहायची आणि काकूला भिणार नाही असा गडी त्या भागात नव्हता.

संत्र्याची शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना ताण म्हणजे काय ते सांगावं लागेल. आंबिया बहार हवा असेल तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. मुद्दाम तोडतात. झाड तहानेनं मलूल होतं, पानं पिवळी पडतात, गळतात. पाहणाऱ्याला वाटतं बाग मेली. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की ते झाड जिवाच्या आकांतानं फुलतं. पाणी थोडं आधी सोडलं तर फूल नाही आणि थोडं उशिरा सोडलं तर झाड नाही. ती वेळ काकूला पान हातात घेऊन कळायची. तोवर मोटारीचा फ्यूज ती काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवायची आणि निजतानाही पदर उशाखाली घ्यायची. बाग तहानेली असताना गड्यांपैकी कुणाला दया आली आणि त्यानं चोरून मोटार लावली, असं पूर्वी एकदा झालं होतं म्हणे.

आणि त्यांच्या घरची एक रीत होती. ताणाच्या दिवसांत बागेत जीव मारायचा नाही. कोंबडी कापायची नाही, साप निघाला तरी हाकलायचा, गलोल घेऊन पोरं आली तर काकू त्यांच्या बापांपर्यंत जायची. "झाड तहानेलं असतांनी त्याच्या बुडाशी रगत सांडाचं नाई," ती म्हणायची. का, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या सासूलाही नसावं.

बागेच्या मागं नाला होता, नाल्यापलीकडं जंगल. नाल्याच्या काठच्या बांबूत एक पाखरू राहायचं. डोकं, पाठ काळी चकचकीत, पोट विटकरी, शेपूट लांब आणि तिला पांढरी किनार. पुस्तकात त्याचं नाव श्यामा आहे हे आम्हाला कॉलेजात कळलं. बागेत सगळे त्याला 'नाल्यावरचा' म्हणायचे, जसं माणसाला वाडीवरचा म्हणतात. थंडीत तो अर्धवट गायचा, घसा साफ केल्यासारखा. थंडी उतरू लागली की संध्याकाळी बांबूतून असा गायचा की मी प्राणिशास्त्राचं पुस्तक मांडीवर पालथं घालून बसायची. आणि नकला करायचा. कोतवाल पाखराची, सातभाईंची, आणि विहिरीच्या गरगडीची.

काकूच्या विहिरीची गरगडी, म्हणजे दोराची कप्पी, जुनी, लाकडी. ओढताना ती तीन सुरांत करकरायची, शेवटचा सूर वर चढायचा. नाल्यावरच्यानं ती जशीच्या तशी उचलली होती. ताणाच्या दिवसांत काकू पिण्याचं पाणी सकाळी भरून दोर घरात आणून ठेवायची. आणि एका संध्याकाळी, दोर घरात असताना, विहिरीकडून करकर ऐकू आली. काकू चुलीपुढून उठली ती हातात फुंकणी घेऊनच पळत सुटली.

"कोन हाय रे तिकडे? कोन पानी काढून राहिलं? माह्या झाडायचा घात करता का?"

विहिरीवर कुणी नव्हतं. बांबूतून पुन्हा करकर झाली. सिंधू पोट धरून हसत खाली बसली. काकू कमरेवर हात ठेवून नाल्याकडं पाहत राहिली.

"पाह्य त्या मेल्याले," ती म्हणाली. "दोर नाई, बादली नाई, अन् पानी काढून राहिला."

त्यानंतर ती रोज फसायची. फसली की त्याला शिव्या द्यायची आणि शिव्या देताना तिचं तोंड हसरं असायचं. गड्यानं एकदा गरगडीला तेल घालतो म्हटलं तर म्हणाली, राहू दे, त्याचं गानं बिघडते.

आता सरांकडं येते. ते नागपूरचे होते. उंच, हौशी, शिकवण्यात हातखंडा. त्यांना आमचं गाव म्हणजे बदलीची शिक्षा वाटायची आणि ते लपवायचेही नाहीत. बाहेरच्या माणसाला आमची माहिती एवढीच असते की जाम नदीत सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर गोटे फेकतात. वर्षातला तो एक दिवस, त्यावरून आमचे बाकीचे दिवस ठरवतात. तरी सर वर्गात उभे राहिले की आम्ही हलायचो नाही. त्यांनी इंद्रीचं एक रंगीत चित्र मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. ते चित्र वर धरून त्यांनी एका तासात आम्हाला त्या बेटावर नेऊन आणलं. हा प्राणी सकाळी गातो, कुटुंबानं मिळून गातो, कोसावर ऐकू जातं. जंगल सोडून तो जगत नाही, पिंजऱ्यात घातला की मरतो. आणि जंगल तर जळून राहिलं आहे. मग ते म्हणाले, त्या बेटावरचे साधे लोक इंद्रीला आपला पूर्वज मानतात, त्याला मारणं त्यांच्यात पाप आहे. "तो आज जिवंत आहे तो या लोकांच्या रीतीमुळे. शास्त्र उशिरा पोचलं, रीत आधी होती." असं बोलताना त्यांचा आवाज भरून आला. मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा डोळे पुसत होत्या. मीही पुसले. तो तास खरा होता, हे मी आजही म्हणते.

आणि त्याच तासाच्या शेवटी, चित्र खाली ठेवून, डस्टर हातात घेऊन सर म्हणाले, "आपल्या म्युझियममध्ये जंगलात गाणारा एकही पक्षी नाही. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतील, काय दाखवायचं त्यांना? कावळा? कुणाला श्यामा ठाऊक आहे का?"

सिंधूचा हात वर गेला. बिचारी खुशीत होती. आपल्या नाल्यावरच्याचं नाव एवढ्या मोठ्या तासात निघालं म्हणून तिचा चेहरा फुलला होता. "सर, आमच्या बागेत आहे," ती म्हणाली. तिला वाटलं सर ऐकायला येतील.

तास सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. सर बरण्या पुसत होते. मी विचारलं, "सर, भरून ठेवणार म्हणजे मारणार ना?"

"जिवंत कसा भरायचा?" ते हसले. "क्लोरोफॉर्मनं. त्रास होत नाही."

"पण सर, तुम्ही आत्ताच इंद्रीबद्दल सांगितलं. तोही जंगल सोडून जगत नाही, हाही नाही. तोही गातो, हाही गातो. मग फरक काय?"

"फरक एवढाच की इंद्री संपत आला आहे. आणि हे," त्यांनी खिडकीबाहेर हात केला, "हे पोत्यानं आहेत."

पोत्यानं. हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही. यंदा बसमध्ये वापरला तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पाखरं पकडायला मनाई करणारा कायदा तेव्हाही होता, नाही असं नाही. पण तो जंगलखात्याच्या भिंतीवर टांगलेला होता आणि सरांच्या मते शिक्षणासाठी सगळं चालत होतं.

घरी येऊन मी भाकरीकडं न पाहता बसले. आई तोडणीवरून आली होती, हातांना संत्र्याच्या काट्यांचे ओरखडे. "कायले तोंड फुगवून बसली वं रत्ने?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं ती पाखराची कीव करेल. ती चूल फुंकत राहिली.

"तुह्ये सर बरोबर बोलले," ती म्हणाली. "पोत्यानं असलं का असंच करतेत. मागच्या साली तानाबाई पडली झाडावरून. कंबर मोडली तिची. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर दुसरी बाई चढवली मुकादमानं. आमी गाडी भरून जातो नं. एखादी कमी झाली तर कोनाले समजते?"

ती काही तक्रार करत नव्हती. भाजी किती भावानं आली तसं सांगत होती. पण त्या चुलीपुढं मला सरांचं वाक्य पुरतं समजलं. दया करायची ती मोजकं उरल्यावर. तोवर वापरायचं. जे कमी आहे त्याचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि जे भरपूर आहे त्याच्या पोटात कापूस भरायचा. आणि भरपूर आहे हे ठरवतो कोण? ज्यानं कधी नाल्यावर पाऊल ठेवलं नाही तो. त्या बेटावर पूर्वी इंद्री भरपूर होते तेव्हा तिथंही कुणीतरी असंच म्हणालं असेल आणि असाच बरण्या पुसत असेल.

सर रविवारी बागेत आले, बरोबर प्रयोगशाळेतले परिचर गणपतभाऊ, त्यांच्या खांद्यावर जाळं. काकूनं खाट टाकली, चहा केला. मास्तर घरी आलेला, मान द्यायचाच. येण्याचं कारण ऐकल्यावर मात्र ती म्हणाली, "ते होनार नाई. बागेले ताण देल्ला हाय. ताणात आमच्या इथं जीव मारत नाई."

"काकू, एक पाखरू तर आहे."

"एक असो का अर्धं असो. माही झाडं तहानेली हायेत."

सर माझ्याकडं आणि सिंधूकडं पाहून हसले. "अंधश्रद्धा," ते आम्हाला म्हणाले, काकूला ऐकू येईल इतपत हळू. मी त्यांच्या तोंडाकडं पाहतच राहिले. चार दिवसांपूर्वी याच तोंडानं बेटावरच्या लोकांची रीत सांगताना आवाज भरून आला होता. बेटावर केली की ती शहाणपण आणि मोहगावात केली की अंधश्रद्धा. मला तेव्हा बोलता आलं नाही. आज बोलते, आज ऐकायला ते नाहीत.

मग सरांनी विचारलं, "आणि पाणी सोडल्यावर?"

काकू खोटं बोलणारी बाई नव्हती. तिला वाटलं हा बागेची चौकशी करतो आहे. "पानी सुटलं का रीत सुटते," ती म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला कळलं आपण काय म्हटलं. कपबशी उचलणारा तिचा हात थांबला.

"मग आम्ही थांबतो," सर म्हणाले. "पाणी सोडायच्या दिवशी निरोप द्या. दोघी पोरींचं प्रॅक्टिकल माझ्याकडंच आहे." शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. ते सहज नव्हतं हे खाटेच्या चारही पायांना कळलं असेल.

त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. बाग पिवळी पडत होती. चालताना पानं पायाखाली वाजायची. वारा सुटला की झाडांखाली सडा पडायचा आणि वर नुसत्या फांद्या दिसायच्या. नाल्यातलं पाणी आटून डबकी राहिली होती. दर संध्याकाळी नाल्यावरचा गरगडी ओढायचा आणि आता काकू फसत नव्हती. ती अंगणात उभी राहून ऐकायची. शिव्या देत नव्हती. आणि मी मनात एकच धरून बसले होते की पाणी सुटू नये. प्रॅक्टिकल होईपर्यंत सुटू नये, मग सरांना पाखराची गरज उरणार नाही. तहानेल्या झाडांपुढं उभं राहून मी त्यांना पाणी मिळू नये असं म्हणत होते, इतकं त्या माणसानं आम्हाला उलटं करून ठेवलं होतं.

सिंधूनं शेवटी विचारलंच. "काकू, आनखी थोडे दिवस ताण धरता येईन का?"

काकू आम्हाला कडेच्या ओळीत घेऊन गेली. एक पान तोडून तिनं मुठीत दाबलं आणि मूठ उघडली. पानाचा चुरा झाला होता.

"मी थांबूनच राहिली बाई," ती म्हणाली. "माह्या हिशेबानं पानी मांगंच द्याले पाह्यजे होतं. थांबली मी. ह्या ओळीच्या फांद्या वाळून राहिल्या. आता नाई देल्लं तर झाडं जातीन."

"मग नाल्यावरचा?"

"तुमच्या मास्तरले मी जबान देली नं. अन् तुमचे मार्क त्याच्या हातात." तिनं चुरा झाडाच्या बुडाशी टाकला. "एका पाखरासाठी बाग मारू का? तूच सांग रत्ने. तुही माय याच बागेत येते तोडनीले."

यावर कुणाला काय सांगता आलं असतं ते मला अजून समजत नाही. काकूचा राग मला कधी आला नाही. आला तो त्या माणसाचा, ज्यानं तिच्यापुढं बाग आणि पाखरू असे दोन तुकडे ठेवले आणि स्वतः चहा पिऊन निघून गेला.

पाणी सोडलं त्या दिवशी काकूनं मोटारीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पदराची गाठ सोडून फ्यूज काढला. दांडातून पाणी धावलं. कोरड्या जमिनीनं ते पिताना होणारा आवाज सगळ्या बागेत भरून राहिला. एरवी हा सणाचा दिवस. काकू खोबरं वाटायची, गडी एकमेकांवर पाणी उडवायचे. त्या दिवशी तिनं खोबरं वाटलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. निरोप गेलेला होता. दुपारून सर आणि गणपतभाऊ आले आणि नाल्याकडच्या दांडावर जाळं लावलं.

मी आणि सिंधू पत्र्याचा डबा घेऊन नाल्यात उतरलो. संध्याकाळपर्यंत तो डबा आम्ही बडवला. नाल्यावरचा उडून वर गेला, पलीकडच्या झाडावर बसला, पुन्हा बांबूत आला. आम्ही ढेकळं मारली. सर काठावरून म्हणाले, "भावुक मुली," आणि गणपतभाऊंनी खाली मान घातली. नाल्यावरच्याला संध्याकाळी अंघोळ लागायची, आणि किती दिवस त्याला धड पाणी मिळालं नव्हतं. आम्ही डबा वाजवत होतो आणि दांडात पाणी वाजत होतं. त्यानं पाण्याचं ऐकलं.

गणपतभाऊंनी त्याला जाळ्यातून सोडवून कापडी पिशवीत घातलं. पिशवी जरा हलत होती. काकू घरातून बाहेर आली नाही.

बाग फुलली. तशी ती कधी फुलली नव्हती. जास्त ताण बसला की वाचलेलं झाड जास्त फुलतं, असं जुने लोक सांगतात ते खरं ठरलं. वासानं डोकं जड व्हायचं, मधमाश्यांच्या आवाजात पुस्तक वाचता यायचं नाही. आणि त्या बहारात आम्ही प्रॅक्टिकलला गेलो.

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये टेबलावर ओळीनं नमुने मांडलेले असायचे, प्रत्येकापुढं क्रमांक. ओळखायचं, त्याबद्दल सांगायचं, पुढं सरकायचं. बेडूक, विंचू, गोम, आणि मग तो. लाकडाच्या तुकड्यावर उभा केलेला. डोळ्यांच्या जागी कापूस, शेपूट वर जायला हवी ती खाली, मान जराशी वाकडी. त्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर चिकटवलेला इंद्री. बाहेरचे परीक्षक वयस्क होते, शांत. त्यांनी दोन्हींकडं पेन केलं आणि म्हणाले, "या दोघांची तुलना करा."

मी केली. सगळी केली. दोघेही उष्ण रक्ताचे, दोघेही झाडावरचे, दोघेही आवाजानं आपली हद्द सांगणारे. एकाला केस, एकाला पिसं. एक पिलाला जन्म देतो, एक अंडं घालतो. इंद्रीचा आवाज आपल्यासारखा गळ्यातून निघतो, पाखराचा छातीजवळून, जिथं श्वासनळीचे दोन फाटे होतात तिथून. इंद्री घरातल्यांच्या बरोबर गातो, हा एकटा गातो आणि दुसऱ्यांचं उचलतो.

"आणखी काही?"

सर त्यांच्या मागं उभे होते. माझं तोंड थांबलं नाही. "इंद्री दूर आहे, म्हणून त्याचं चित्र आहे," मी म्हणाले. "हा जवळ होता, म्हणून याचं कातडं आहे. हा आपल्या लोकांच्या रीतीनं वाचला होता, तोही त्याच्या लोकांच्या रीतीनं वाचला. इथं रीत सुटायची वाट पाहिली गेली."

सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता काहीतरी होईल. परीक्षक मला नापास करतील, किंवा सरांना विचारतील, किंवा निदान तो कापूस लागलेला डोळा जवळून पाहतील. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं.

"विचार चांगला मांडला," ते म्हणाले. "पुढं चला." आणि मला उत्तम मार्क दिले.

त्या मार्कांचा मला जेवढा राग आला तेवढा नापास होण्याचा आला नसता. मी आग ओकले आणि त्यांनी तिला उत्तर समजून मार्क दिले. आजही हेच चालतं. शाळाशाळांतून पोरं 'जंगल वाचवा' असं रंगवतात आणि सगळ्यात सुबक रंगवणाऱ्याला बक्षीस मिळतं. त्यातला राग कुणी हातात घेत नाही. मोहगावचा तो नाला आता सिमेंटनं बांधून काढला आहे, आणि बांधला त्या दिवशी झाडं लावण्याचा कार्यक्रम ठेवला होता.

काकूनं पुढच्या वर्षी ताणाआधीच सगळ्या गड्यांना बोलावून सांगितलं, "आता ह्या बागेत बारा महिने जीव माराचा नाई. पानी सुटो नाई तर न सुटो." नाल्यावर तोवर कुणी उरलं नव्हतं. तो गेल्यावर त्याची मादी काही दिवस दांडावर यायची, मग तीही दिसेनाशी झाली. पाणी काढताना गरगडी करकरली की काकूचा हात आहे तिथं थांबायचा आणि ती नाल्याकडं पाहायची. महिनाभर हे झालं. एका सकाळी तिनं स्वतः विहिरीवर जाऊन गरगडीला तेल घातलं, भरपूर, ओघळेपर्यंत. त्यानंतर त्या विहिरीवर आवाज झाला नाही. बाग आता सिंधूच्या मुलाकडं आहे आणि तिथं अजून काही मारत नाहीत. का, ते त्याला माहीत नाही.

हे सगळं मी प्रज्ञाला सौंसरला पोचल्यावर, स्टँडवरच्या बाकड्यावर बसून सांगितलं. माफी मागण्यासाठी नाही, तिला कळावं म्हणून. मग तिनं पर्समधून फोन काढला, काहीतरी लिहिलं, शोधलं. "आत्या, हे ऐक," ती म्हणाली.

श्यामा गात होता. कुठल्या तरी दूरच्या जंगलातला, स्वच्छ, एकही सूर न चुकता. फोटोही तोच, काळी पाठ, विटकरी पोट, पांढरी किनार. खाली लिहिलं होतं की या पक्ष्याला सध्या धोका नाही, तो पुष्कळ ठिकाणी आढळतो. प्रज्ञा माझ्याकडं आशेनं पाहत होती. तिला वाटलं तिनं मला तो परत आणून दिला.

मी शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर तिला पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा ऐकलं.

"हा नाही," मी म्हणाले.

"तोच आहे, आत्या. श्यामाच आहे. किती तरी आहेत बघ."

"श्यामा असेल," मी म्हणाले. "असे पुष्कळ असतील. पण याला कमलकाकूची गरगडी येत नाही."

प्रज्ञानं फोन बंद केला. मोहगावची बस लागली होती.